एकवचन नाही

“एकवचन नाही,” देवपुजारी सर म्हणाले आणि माझा दोनशे सत्तर पानांचा प्रबंध त्यांनी दोन बोटांनी टेबलावरून माझ्याकडे ढकलला, ताटात सापडलेला केस बाजूला करावा तसा.

“कशाचं एकवचन, सर?”

“एक्झुविया. असा शब्द लॅटिनमध्ये नाही, मिस कापगते. एक्झुविई आहे. स्पेलिंगच्या शेवटी आणखी एक ‘ई’ लागतो. तो शब्द कायम अनेकवचनीच असतो. तुम्ही पहिल्या पानापासून एक्झुविया, एक्झुविया लिहीत सुटलात. चारशे बारा वेळा. मार्गदर्शक म्हणून माझी सही होणार नाही.”

माणसाने चारशे बारा वेळा मोजलं होतं! मी खुर्ची धरून उभी राहिले. नागपूरचा मार्च, साल त्र्याऐंशी, तारीख एकोणीस. एकतीस तारखेच्या आत प्रबंध विद्यापीठात जमा झाल्याची पावती दाखवली, तरच मी चार वर्षं हंगामी शिकवत होते त्या कॉलेजातली कायमची जागा मला मिळणार होती. प्राचार्यबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, पावती आणा आणि ऑर्डर न्या. नाही आणली तर जागा दुसऱ्याची, आणि मी भंडाऱ्याला दादाच्या घरी परत. दादाने तिकडे एक राइसमिलवाला बघूनही ठेवला होता. त्याचं म्हणणं, पोरीने किडे गोळा करण्यात अठ्ठावीस वर्षं घालवली तेवढी पुरे झाली.

किडे म्हणजे चतुर. आमच्याकडची पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो. त्याचं पिल्लू पाण्यात वाढतं. मग एखाद्या पहाटे ते गवताच्या काडीवर चढून येतं, त्याची पाठ उलते आणि आतून पंखवाला चतुर निघून उडून जातो. काडीला मागे उरते ती कात. आत कोणी नसतं, पण डोळे, पाय, नखं सगळं जिथल्या तिथे. भंडाऱ्याच्या तलावांवर चार वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून मी अशा अडीच हजार काती गोळा केल्या होत्या. या कातीलाच शास्त्रात एक्झुविया म्हणतात. निदान मी तरी म्हणत होते.

“सर, चार वर्षं तुम्ही माझी प्रकरणं वाचताय. आधी का नाही सांगितलंत?”

“हस्तलिखितात तुम्ही नुसतं ‘एक्स.’ लिहीत होतात. एक्स.चं वचन कसं कळणार?”

हे खरं होतं. लिहिण्याचा कंटाळा म्हणून मी एक्स. लिहायची आणि टायपिस्टला सांगितलं होतं की टाइप करताना पूर्ण शब्द घाला. मी पिशवीतून जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं आणि खूण घातलेलं पान सरांपुढे धरलं. “हे बघा ना सर. यांनीही एक्झुवियाच लिहिलंय.”

सरांनी बुशशर्टच्या खिशातून सहा इंची पट्टी काढली, त्या ओळीखाली लावली, ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. “हे गृहस्थ माझे विद्यार्थी नाहीत.”

“पण एका किड्याची एक कात असते, सर! ती एक आहे तर तिला एकवचन का नाही?”

“मराठीत ‘हाल’ म्हणता ना तुम्ही? हाल झाले म्हणतात. एक हाल झाला, असं कोणी म्हणतं का?”

मनात म्हटलं, कसं म्हणतील, तुमच्या हाताखाली आलेल्याचं एकावर भागतच नाही.

“आणि अर्थ तरी ठाऊक आहे का?” सर खिडकीकडे बघत म्हणाले. “एक्झुएरे म्हणजे अंगावरून उतरवणं. अंगावरून उतरवलेले कपडे, ते एक्झुविई. आणि रणात पडलेल्या शत्रूच्या अंगावरून ओरबाडून घेतलेलं चिलखत, शस्त्रं, तेही एक्झुविई. लोक ती लूट टांगून ठेवत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. कातीला हा शब्द फार उशिरा मिळाला. जा आता. दुरुस्त करून आणा.”

मी दार आपटून बाहेर आले. खरंच आपटलं, खोटं कशाला सांगू. सत्तावन्न वर्षांचा हा माणूस, एवढं ज्ञान, आणि नावावर उभ्या आयुष्यात छापलेला पेपर एकच, तोही सव्वीस वर्षांपूर्वीचा. विभागात सगळे म्हणायचे, देवपुजारी आळशी आहेत. मी त्यांची बाजू घेऊन भांडायची. त्या दिवशी मात्र वाटलं, बरोबर म्हणतात लोक. स्वतः काही करायचं नाही आणि करणाऱ्याच्या पायात पाय घालायचा.

खुशालराव रहाटेंचं टायपिंगचं दुकान कचेरीच्या मागच्या गल्लीत होतं. गालात कायम पान, डोळ्यांवर दोरी बांधलेला चष्मा आणि हात असा, की मशीनकडे न बघता आल्यागेल्याशी गप्पा मारत पान संपवतील. तोंडातलंही आणि कागदाचंही.

“काय झालं जी मॅडम? तोंड काऊन उतरलं?”

मी सगळं सांगितलं. रहाटेंनी चष्मा कपाळावर चढवला.

“म्हणजे एका अक्षरापायी चारशे बारा वेळा? अन् चार-चार प्रती? अरे बाप्पा!” मग ते विचारात पडले. “पन तो शब्द म्हणजे आहे काय?”

“कात हो. किड्याची कात.”

“मंग कातच लिहा ना! चुना-कात कोणाले समजत नाही?” आणि पानाची पिंक टाकून ते इतके हसले की मलाही हसू आलं. हसता हसता माझं रडूच सुरू झालं, भर दुकानात. रहाटे गडबडले. “रडू नका जी. हे पाहा, मी जुगाड करतो. जिथं शब्द संपते तिथं मशीनचा डबा अर्धा सरकवतो अन् ई बसवून देतो. कोणाले दिसतही नाही.”

त्यांनी एक पान करून दाखवलं. ई बसला, पण पुढच्या शब्दाला खेटून, गर्दीच्या बाकावर कोणी एका कुल्ल्यावर टेकावं तसा. तरी मी आशेने ते पान सरांकडे नेलं. सरांनी पट्टी लावली.

“ई आहे. पण ‘वॉज’चं ‘वेअर’ कुठे झालंय? शब्द अनेकवचनी, मग क्रियापदही अनेकवचनी नको? शिवाय हे असं कोंबलेलं अक्षर मी माझ्या सहीखाली जाऊ देणार नाही. पुन्हा टाइप करा.”

“सर, दिवस किती उरलेत माहीत आहे ना? माझी नोकरी जाईल हो!”

“म्हणून तर सांगतोय, लवकर करा.”

असा संताप आला होता की ती पट्टी घेऊन मोडून टाकावी. मी रहाटेंकडे परत गेले आणि दातओठ खात म्हटलं, “सगळं पुन्हा टाइप करा. जिथे जिथे एक्झुविया दिसेल तिथे तिथे ई लावा. एकही सोडायचा नाही, समजलं? एकही!”

“एकही नाही सोडत,” रहाटे म्हणाले. “तुम्ही काळजीच करू नका. आपलं काम माशीला माशी.”

ते बारा दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. सकाळी कॉलेजात तास, दुपारी रहाटेंच्या दुकानात स्टुलावर बसून पानं तपासायची, संध्याकाळी तयार झालेला गठ्ठा सरांच्या घरी द्यायचा. सर दुसऱ्या दिवशी तो परत द्यायचे, प्रत्येक ओळ पट्टीखालून गेलेली. कधी स्वल्पविराम नसायचा, कधी कोणा शास्त्रज्ञाच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे. एकदा तर एका पानाचा समास डावीकडे जास्त झाला म्हणून परत आलं. मधेच मशीनचा नेमका ‘ई’च अडकायला लागला. रहाटे प्रत्येक ईनंतर त्याला बोटाने मागे ओढायचे आणि माझ्याकडे बघायचेही नाहीत. दादाचं पत्र आलं, राइसमिलवाले गुढीपाडव्यानंतर बघायला येतो म्हणतात. मी ते फाडून टाकलं.

शेवटचं पान रहाटेंनी एकतीस तारखेला दुपारी अडीच वाजता मशीनमधून ओढलं. ती संदर्भसूची होती, ज्या पुस्तकांचा आणि पेपरांचा आधार घेतला त्यांची यादी. बाकी सगळं सरांनी पास केलेलं होतं. त्या काळी पानं टॅगने फायलीत बांधून दिली तरी चालायची. चार फायली छातीशी धरून मी विभागात पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. विद्यापीठाची खिडकी पाचला बंद व्हायची.

सरांनी पट्टी काढली. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होती. ए संपला, बी, सी. मी घड्याळ बघत उभी होते. डी आला आणि पट्टी थांबली.

थांबली ती थांबलीच. एक मिनिट, दोन मिनिटं. मला वाटलं, झालं, आणखी एक स्वल्पविराम.

“काय झालं, सर?”

“हे शीर्षक चुकलंय,” ते हळू आवाजात म्हणाले.

मी वाकून बघितलं. ‘देवपुजारी, १९५७.’ सरांचा तो एकुलता एक पेपर, चतुरांच्या कातींवरचा. त्याच्या शीर्षकातच तो शब्द होता, आणि रहाटेंनी इमानदारीने त्यालाही ई लावला होता. एकही सोडला नव्हता.

हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडला. ई रहाटेंनी लावला. म्हणजे मूळ पेपरात तो नव्हता! सरांनी स्वतः, छापून, शीर्षकात, मोठ्या अक्षरांत एक्झुविया लिहिलं होतं. ते शीर्षक मला तोंडपाठ होतं. चार वर्षांत पन्नास वेळा तरी मी ते उतरवलं असेल, आणि सरांशी भांडताना मला ते आठवलं नाही!

“सर,” माझा आवाज चढला, “तुम्हीच लिहिलंय एक्झुविया. तुम्ही स्वतः! आणि माझे बारा दिवस हे असे हाल केलेत?”

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत.

“पेपर छापून आल्यावर त्याच नियतकालिकात एका मोठ्या माणसाने त्यावर टिपण लिहिलं,” ते म्हणाले. “दोन ओळींचं. निरीक्षणं चांगली आहेत की वाईट, अक्षरही नाही. फक्त एवढंच, की लेखकाला कीटक उतरवता येतो, शब्द उतरवता येत नाही. जगभर गेला तो अंक. आमच्या विभागातही आला. वाचनालयात तेच पान उघडून ठेवलेलं असायचं, महिनाभर. मी बंद करायचो, कोणीतरी परत उघडायचं.” त्यांनी चष्मा परत घातला. “त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला, मिस कापगते. त्यानंतर मी काही छापायला पाठवलं नाही.”

पंखा फिरत होता. बारा दिवस ज्या माणसाला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो समोर असा बसला होता, आणि माझा राग कुठे ठेवू ते मला कळत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, “मग राहू द्या ना, सर. ई लागलाय ना आता? बरोबर झालंय. तसंच जाऊ द्या. कोण बघतंय मूळ अंक काढून?”

मला खरंच वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. आणि घड्याळात सव्वाचार झाले होते.

“छापलंय तसं लिहायचं असतं,” सर म्हणाले. “तो नियम आहे.”

त्यांनी खणातून स्लाइडसाठी काप घ्यायचं पातं काढलं. पहिल्या फायलीतलं पान काचेवर ठेवलं, श्वास रोखला आणि तो ई खरवडायला लागले. कागदाला भोक पडू नये म्हणून इतकं हळू, इतकं हळू, की मी घड्याळाकडे पाठ फिरवून उभी राहिले. एक प्रत झाली. मग कार्बनच्या तीन. प्रत्येक प्रतीतला आपल्या नावापुढचा तो बरोबर असलेला ई त्यांनी स्वतःच्या हाताने काढला आणि तिथे पुन्हा आपली चूक ठेवली. कागदावर एका अक्षराएवढी मोकळी जागा राहिली. पाच वाजायला सात मिनिटं असताना त्यांनी चारही प्रतींवर सही केली आणि म्हणाले, “चला, स्कूटर काढतो.”

सर स्कूटर वीसच्या पुढे कधी नेत नसत. त्या दिवशीही नेली नाही. मी मागे चार फायली मांडीवर धरून, रडकुंडीला येऊन, “सर, जरा वाढवा ना” म्हणत होते आणि ते प्रत्येक चौकात हात दाखवून वळत होते. पोचलो तेव्हा पाच वाजून बारा मिनिटं झाली होती. खिडकीतले तितरमारे बाबू चहा पीत होते.

“खिडकी बंद झाली, सर. उद्या या. शिक्काही उद्याचा लावून ठेवला.” त्यांनी तारखेचा रबरी शिक्का उचलून दाखवला. एक एप्रिल.

मी भिंतीला टेकले. डोळ्यांपुढे राइसमिल दिसायला लागली.

सरांनी खिशातून पट्टी काढली.

“आज तारीख काय?” त्यांनी विचारलं.

“एकतीस.”

“शिक्क्यावर?”

“एक एप्रिल. सांगितलं ना, सर.”

“मग शिक्का चुकीचा आहे.”

“अहो सर, वेळ संपली!”

“वेळ संपली. तारीख संपली नाही. पावतीवर तुम्ही वेळ लिहिता की तारीख?”

“तारीख. पन—”

“कोणती तारीख?”

“प्रबंध ज्या दिवशी हाती आला ती.”

सरांनी माझ्या हातातल्या चारही फायली घेतल्या आणि खिडकीतून आत सरकवल्या. बाबूंचा चहा सांडायला लागला, तशा त्यांनी त्या दोन्ही हातांनी धरल्या. “आता कोणाच्या हाती आहे?” सरांनी विचारलं. “आणि आज किती तारीख?”

“सर, पाचपर्यंतच घ्यायचं असा नियम आहे!”

“दाखवा.”

तितरमारे बाबू उठले. त्यांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. सरांनी ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, पट्टी लावली आणि वाचायला लागले. एकेक ओळ. ‘एकतीस मार्च रोजी किंवा त्यापूर्वी’ एवढंच लिहिलं होतं, पाच वाजल्याचं कुठेच नव्हतं. बाबू म्हणाले, असं कुठे लिहिलेलं नसतं, समजून घ्यायचं असतं. सर म्हणाले, समजून घेतलेलं छापलेलं नसतं. बाबू म्हणाले, घरी पाहुणे आलेत. सर म्हणाले, पान एकवीसपासून पुन्हा वाचू. इतके दिवस जे मी भोगलं ते आता दुसरा कोणीतरी भोगत होता. तितरमारे बाबूंचे हाल झाले, अनेकवचनीच झाले, आणि भिंतीला टेकून मी ते डोळे भरून बघत होते. पावणेसहाला त्यांनी कपाळावर हात मारला.

“घ्या बाप्पा, घ्या! जिंकले तुम्ही!” आणि अंगठ्याने शिक्क्याची चकती त्यांनी करकर करत मागे फिरवली.

पावती हातात आली तेव्हा मी सरांच्या पाया पडायला वाकले. ते मागे सरकले. “तारीख नीट उमटलीय का बघा आधी,” म्हणाले.

नोकरी मिळाली. राइसमिलवाला दुसऱ्या कोणाचा झाला. डिसेंबरात बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला, त्यात एक वाक्य असं होतं: ‘एक्झुविया हे एकवचनी रूप आता सर्वत्र चालते, जुन्या रूपाचा उमेदवाराचा आग्रह अनावश्यक आहे.’ मी दोन्ही हातांनी डोकं धरलं. सरांनी पट्टी लावून ते वाक्य दोनदा वाचलं आणि अहवाल घडी घालून मला परत दिला. निवृत्त होऊन सहा वर्षांनी ते गेले. दुसरा पेपर त्यांनी कधीच लिहिला नाही.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी पायल उइके नावाची माझी शेवटची विद्यार्थिनी प्रबंध घेऊन आली. तोही चतुरांवरचाच. एक्झुविया बघून मी म्हटलं, एकवचन नाही, ई लाव. तिने संगणकावर दोन बटणं दाबली. “झालं मॅडम. सगळीकडे लागला. तीनशे नव्वद.”

“संदर्भसूची दाखव,” मी म्हटलं. पर्समधून पट्टी काढली आणि पडद्याला लावली. डी आला.

“हा ई काढ.”

“काऊन मॅडम? आत्ताच तं म्हणाल्या, एकवचन नाही म्हणून.”

“नाहीच,” मी म्हटलं. “एकच आहे. ते आमच्या सरांचं आहे.”

तिने ई काढला. संगणकच तो, मागची अक्षरं लगेच सरकून पुढे आली, मधे काही झालंच नव्हतं अशी.

“आता तिथे एक जागा मोकळी सोड,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता सोडली.